कागदाची मागची बाजू

“पुन्हा कर,” हाजी मख्लूफ म्हणाले.

दलेंदाने पुन्हा केलं. तेलाच्या नमुन्यात काचेच्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडत गेली, रंग गुलाबी झाला तिथे हात थांबवला आणि आकडा वाचला. आम्लता तीच, शून्य दशांश नऊ. पहिल्या प्रतीच्या तेलाची हद्द शून्य दशांश आठ; आम्लता जितकी कमी तितकं तेल चांगलं.

सफाक्स शहराजवळच्या या तेलघाण्यावर ती नऊ हंगाम हेच करत होती. ऑलिव्हची पोती घेऊन आलेली मोठमोठी माणसं तिच्या खिडकीशी निकालाच्या दिवशीच्या पोरांसारखी उभी राहत. कुणी खजूर आणून देई, कुणी तिच्या आईची तब्येत विचारी. आकडा मात्र कुणाच्याही खजुराने हलला नव्हता.

हाजी रिकाम्या हाताने आले होते आणि भांडत होते. झाडं आजोबांनी लावलेली, दाणा हाताने तोडलेला. चार दिवस पाऊस लागला, गाडी चिखलात रुतली, पोती अंगणात पडून राहिली. यात झाडाचा काय दोष?

“झाडाचा काहीच नाही,” दलेंदा म्हणाली.

“मग आठ लिही की, पोरी. एवढ्याशानं तुझं काय जातंय?”

“उद्या दुसऱ्याला नऊ कुठल्या तोंडानं सांगू, हाजी?”

हाजी पुटपुटत बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

वजनकाट्यावरची नबीहा सगळं ऐकत होती. दलेंदाच्या टेबलावरचा संगणकही तिला दिसत होता. त्यावर तेलतंत्रज्ञानातल्या मास्टर्सच्या प्रवेशाचा अर्ज उघडा होता. लांबत लांबत हंगामात आलेली त्याची मुदत आज संपत होती. पदवीची सरासरी वीसपैकी तेरा पूर्णांक चार, आणि वाया गेलेल्या दर वर्षामागे एक गुण वजा. दलेंदाचं एक वर्ष गेलं होतं. ऐन तोडणीत बाप शिडीवरून पडला, तेव्हा जानेवारीच्या परीक्षेला ती झाडावर होती. म्हणजे उरले बारा पूर्णांक चार. गेल्या वर्षीची यादी साडेबारावर थांबली होती.

नबीहाचं म्हणणं सरळ होतं. किती वर्षं गेली तो रकाना आपला आपणच भरायचा, तर शून्य भरून मोकळं व्हावं. कागद तपासतात ते निवड झाल्यावर, तेही तपासले तर.

“चोरी थोडीच करतेयस? बापाचं केलंस.”

“केलंच ना. मग लपवू कशाला?”

“बस मग साडेबाराच्या दारात. तिथल्या मास्तरांनी तुझ्या निम्मं तरी तेल पाहिलंय का?”

“म्हणून तर यंदा नाही तर पुढल्या वर्षी घेतील. काम मला येतं, नबीहा.”

ते खरंच होतं. तरीही सकाळी तिने तिथे शून्य टाकून पाहिलं होतं. तेरा पूर्णांक चार कसा ऐटीत उभा राहिला होता. पुसताना बोट जड झालं, आणि तेव्हापासून रकाना रिकामाच होता.

हाजी पुन्हा खिडकीशी आले. हातात तिनेच दिलेला आम्लतेचा दाखला होता.

“यावर कारण लिहायला जागा नाही का गं?”

“नाही हाजी. नुसता आकडा.”

त्यांनी पेन मागून घेतलं, दाखला पालथा केला आणि खिडकीच्या फळीवर ठेवून मागच्या कोऱ्या बाजूला सावकाश लिहिलं: ‘चार दिवस पाऊस. गाडी रुतली.’ घडी घालून तो कागद खिशात ठेवला आणि पेन परत दिलं.

“नऊ तर नऊ. घरी खाऊ, जावयांना देऊ,” म्हणत ते पिंप भरून घ्यायला गेले. चालण्यात मघाची कुरकुर नव्हती.

दलेंदाने रकान्यात एक भरला. बारा पूर्णांक चार. अर्ज पाठवला. त्याची सही केलेली प्रत टपालानेही धाडायची होती, म्हणून छापून घेतली, खाली सही केली. पाकीट पुढे ओढलं आणि थांबली. मग कागद पालथा केला.

‘त्या जानेवारीत वडील शिडीवरून पडले,’ तिने लिहिलं. ‘बावन्न झाडांची तोडणी मी केली. दाणा त्याच दिवशी घाण्यावर पोचवत होते.’

नबीहाने पुढच्या शेतकऱ्याच्या नावाचा पुकारा केला. दलेंदाने आलेली बाटली डाव्या हाताने घेतली आणि उजव्या हाताने खाली आणखी एक ओळ घातली.

‘आमच्या त्या तेलाची आम्लता, शून्य दशांश तीन.’