नव्या इमारतीला बुरशी

टेबलफॅन कॉम्प्युटरच्या उघड्या पोटाकडे तोंड करून सुसाट फिरत होता आणि आई कोपऱ्यात वर्तमानपत्राने वारा घेत होती.

"यंत्राला वारा आणि माणसाला घाम," ती म्हणाली. "चांगला न्याय आहे."

ताईचं तिकडे लक्ष नव्हतं. जिची अजून एक वीटही रचली गेली नव्हती, ती इमारत तिने महिनाभर खपून पडद्यावर उभी केली होती. संध्याकाळच्या आत तिची फिल्म बिल्डरकडे जायला हवी होती. नोकरी सोडल्यानंतरचं हे तिचं पहिलं स्वतःचं काम. ते हुकलं, तर जुन्या साहेबांकडे परत जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी तिची जागा आजपर्यंतच अडवून ठेवली होती. आणि त्या नव्याकोऱ्या भिंतींवर हिरवे ठिपके उमटत होते.

"टर्बो!" ती ओरडली. "पुन्हा बुरशी आली!"

टर्बो म्हणजे धाकटा भाऊ. वेगाच्या नादापायी मिळालेलं हे नाव तो बिरुदासारखं मिरवायचा. पडद्यावरची चित्रं रंगवणारं ग्राफिक्स कार्ड घेताना त्याने सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. महागडं कशाला, मधलं घे, उरलेला वेग मी काढतो! कार्ड चांगलंच निघालं, पण बजेट तिथेच आटोपलं. मग मदरबोर्डवर काटकसर झाली, आणि जरा ताण पडला की तापणारा बोर्ड घरात आला. आधीच उल्हास, त्यात यंत्राला ठरल्यापेक्षा जोरात पळवायचं टर्बोचं ओव्हरक्लॉकिंग.

"थांब, मेमरीचा वेग जरासा खाली आणतो," तो म्हणाला.

"कालही हेच म्हणालास."

"टेस्टमध्ये पास झालं होतं गं!"

"तुझी टेस्ट दहा मिनिटांची! माझं काम दिवसभर चालतं!"

तेवढ्यात पडदा काळा झाला. ताईचं डोकं फिरलं. तिने प्लग उपटला, मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी नखाने उचकटून काढली.

"अगं, सगळ्या सेटिंग्ज उडतील!"

"उडू देत."

"किती राबलोय मी त्यावर!"

"आणि मी झोपा काढत होते?"

थोड्या वेळाने बॅटरी परत बसवून तिने कॉम्प्युटर चालू केला. कार्डाचा वेग वाढवणारा त्याचा प्रोग्रामही काढून टाकला. आता वेग कंपनीने दिला तेवढाच. फिल्ममधल्या ठिपके पडलेल्या फ्रेम तिने यंत्राला पुन्हा करायला लावल्या.

"बस तिथे. हात मांडीखाली."

टर्बोने हात मांडीखाली सरकवले. फ्रेम सावकाश, पण स्वच्छ येऊ लागल्या.

"ताई..."

"नाही."

"ऐक तरी. नोकरी सोड म्हणून मीच तुझ्या मागे लागलो होतो ना? तुला परत त्या साहेबांपुढे उभं राहावं लागू नये, म्हणून चाललं होतं सगळं."

ताईचा राग गेला नाही, पण तिने पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. "मग हे तोंडाने सांगायचं, गाढवा," ती म्हणाली. "त्यासाठी माझी इमारत कशाला कुजवलीस?"

ऊन उतरता उतरता फिल्म गेली. बिल्डरने दोनदा पाहिली, दिवे थोडे पिवळे करायला सांगितले आणि पुढच्या इमारतीचं कामही तिलाच दिलं. मग साहेबांचा फोन आला.

"काय ठरलं? येताय ना?"

"नाही साहेब. जागा भरून टाका."

तिने फोन ठेवला. टर्बोने पाण्याचा ग्लास आणून दिला, आणि मग त्याची नजर हळूच कॉम्प्युटरकडे वळली.

"आता काम झालंच आहे, तर अगदी थोडासा..."

आई उठली. तिने टेबलफॅन उचलून आपल्या खुर्चीसमोर ठेवला.

"अगं आई, पंखा काढलास तर वेग वाढवता येणार नाही! बोर्ड तापेल!"

"म्हणूनच काढला," आई म्हणाली आणि डोळे मिटून वारा घेत बसली.