बाणाची पिशवी

आमच्या घरात दोघी गोगलगायींच्या तज्ज्ञ, आणि स्वभावाने गोगलगाय मात्र दोघींपैकी एकही नाही. एक माझी बायको, दुसरी आमची लेक. तिघंही एकाच संग्रहालयात. मी त्यांच्या गोगलगायींची चित्रं काढतो आणि अधूनमधून दोघींची बोलणी खातो.

त्या दुपारी लेकीने सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर केलं. म्हणाली, "आई, हिला बाणाची पिशवीच नाही गं."

जोडीदाराला टोचायचा इवलासा बाण या पिशवीत तयार होतो. बायकोने नुसते शंख पाहून ही गोगलगाय ज्या कुळात बसवली होती, त्या कुळात पिशवी सगळ्यांना असते. पिशवी नाही म्हणजे कूळ चुकलं. आणि बायकोचं नाव झालं होतं ते याच कामावर. माझी पेन्सिल कागदावरच थांबली.

"पिल्लू फाडलं असशील," बायको फणकारली. "वयात येईपर्यंत पिशवी दिसत नाही. एवढंही शिकवायचं का मी?"

लेकीचे कान लाल झाले, पण तिने शंख आईच्या नाकासमोर धरला. "ओठ बघ."

शंखाच्या तोंडाची कड जाड होऊन बाहेर वळली होती. या गोगलगायीची वाढ पुरी झाल्याशिवाय ती तशी वळत नाही.

"दुसरी उघड."

"उघडल्या. बरणीतल्या सगळ्या मोठ्या उघडल्या."

बायकोने तिला खुर्चीवरून उठवलं, चिमटा हातात घेतला आणि स्वतः शोधायला बसली. एक तपासून झाली की दुसरी पुढे ओढायची. लेक मागे उभी. आता भडका उडणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, मला दोघींचाही भयंकर अभिमान वाटत होता, आणि बाजू कोणाची घ्यावी ते काही कळत नव्हतं.

बायको उठली ती तडक फोनकडे. पलीकडे तिचा जुना सहकारी, याच कुळावरून तिच्याशी कायम हुज्जत घालणारा आणि दर वेळी हरणारा.

"ती गोगलगाय त्या कुळातली नाही," ती म्हणाली. "हो, हो, चुकलंच माझं. हसा खुशाल. पण तुम्ही नाही हं पकडलंत! तुम्हाला जन्मात जमलं नाही ते..." तिने वळून पोरीकडे पाहिलं आणि आवाज चढवला, "माझ्या लेकीने करून दाखवलं."