पातळ पत्र्याचा गॅस

कवडू मेश्राम यांनी भिलाईच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं वेल्डिंग केलं. जाड प्लेटा जोडण्यात त्यांचा हात धरणारा त्यांच्या विभागात कुणी नव्हता, आणि हे ते स्वतःही कधी लपवत नसत. त्यामुळे त्यांच्या मुलीनं, हर्षानं, आयटीआयमधून वेल्डरचा ट्रेड पास करून कोहका भागातल्या घरामागच्या शेडमध्ये छोटं मिग वेल्डिंग मशीन मांडलं, तेव्हा तिला शिकवायला आपण आहोतच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

पहिलं मोठं काम आलं शेजारच्या दौलतरावांच्या जुन्या गाडीचं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजून पार गेला होता. गाडी चालवताना खालचा रस्ता दिसायचा. दोन मेकॅनिकांनी भंगारात काढायला सांगितली होती. हर्षानं खाली वाकून पाहिलं, आजूबाजूला हातोडीनं ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "होऊन जाईल, काका."

दुसऱ्या दिवशी ती वितळत्या धातूला हवेपासून झाकणाऱ्या गॅसचा सिलिंडर आणायला दुर्गला निघाली आणि बापलेकीत जुंपली.

"मिक्स आणते, बाबा. ऐंशी टक्के आर्गॉन, बाकी सीओटू."

"मिक्स कावून? आमी जिंदगीभर सीओटूवर काम केलं. आत खोल जाते, मजबूत बसते."

"तुमची प्लेट बारा एमएमची होती. हा पत्रा एक एमएम बी नाही. सीधा जल जाएगा."

"हात पक्का असला म्हणजे काही जळत नाही."

हर्षानं वाद वाढवला नाही. शेडमध्ये सीओटूचा सिलिंडर होताच. तिनं जुन्या दरवाज्याचा तुकडा क्लॅम्पमध्ये धरला आणि वेल्डिंगची टॉर्च वडिलांच्या हातात दिली.

कवडूंनी करंट कमी केला, हेल्मेट खाली ओढलं. तडतड करत ठिणग्या चौफेर उडाल्या. पहिले दोन टाके बसले, तिसऱ्याला पत्र्यात आरपार भोक पडलं. त्यांनी करंट आणखी उतरवला; आता धातू वरच्या वर गोळा होऊन बसला, पत्र्यात मुरलाच नाही. पाच-सहा वेळा करून पाहिलं. मग त्यांनी हेल्मेट काढून खाली ठेवलं.

"जा, आण तुझं मिक्स," ते म्हणाले.

मिक्स लावून हर्षानं त्याच तुकड्यावर टाके घातले. तडतड जवळजवळ थांबली, ठिणग्या कमी झाल्या आणि चपटे, गुळगुळीत टाके पत्र्यात मुरत गेले. कवडूंनी त्यावरून अंगठा फिरवला.

गाडीचं काम सुरू झालं तेव्हा उन्हं चांगलीच तापली होती. हर्षानं बॅटरी सोडवली, सीट आणि चटई बाहेर काढली, पाण्याची बादली जवळ ठेवली. नवीन पत्रा एका ठिकाणी, मग दूर दुसऱ्या ठिकाणी, असा थंड होऊ देत ती जोडत गेली. अर्ध्यावर आल्यावर मात्र टाक्यांना बारीक बारीक छिद्रं पडू लागली. तिनं सिलिंडरचा रेग्युलेटर पाहिला, पाइप पाहिला. सगळं ठीक होतं.

"गॅसच खराब निघाला वाटते," ती रडवेली झाली.

कवडू दारात उभे होते. त्यांच्या कानामागचा घाम वाऱ्यानं गार लागला, तसे ते वळले. हर्षाच्या आईनं लेकीला उकडतं म्हणून मघाशीच दाराशी पंखा आणून लावला होता.

"गॅस चांगला आहे, पोरी. पंखा त्याले उडवून राहिला."

त्यांनी पंखा बंद केला, बाहेरचा वाराही नको म्हणून दाराला ताडपत्री बांधली. हर्षानं छिद्रांचे टाके घासून काढले आणि पुन्हा घातले. ते टाके साफ बसले.

संध्याकाळी दौलतराव नव्या पत्र्यावर दोन्ही पाय आपटून उभे राहिले. "कवडूभाऊ, हात अजून तसाच आहे तुमचा!"

"माहा नाही," कवडू एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या घरातून दोन डोकी बाहेर आली. "माह्या पोरीचा हात आहे. गॅस बी तिनंच निवडला." त्यांनी दौलतरावांना दंडाला धरून खाली वाकवलं आणि एकेक टाका बोटानं दाखवला.

दौलतराव गेल्यावर ते हर्षाकडे वळले. "उद्या मले बी शिकव थोडं, पातळ पत्र्यावरचं."

"सकाळी आठला या," हातमोजे झटकत ती म्हणाली. "उशीर चालणार नाही."