मामा नाचतोय तोवर

मी एक काठी बोलतेय. गुरं हाकायची नव्हे आणि म्हातारपणी टेकायची तर मुळीच नव्हे. दीड वीत लांब, पांढरी, टोकाकडे निमुळती, धरायला बुचाची गोल मूठ. दिसायला मी बरी आहे, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म इटलीतल्या पार्मा शहरात, एका सुताराच्या हातून झाला. त्याने मला आल्फिओसाठी केलं. आल्फिओ तेव्हा पंचविशीतला, ऑपेराच्या तालमीत पियानो वाजवणारा. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा भाऊबंद. तिथे रंगमंचाच्या पुढे खाली वादकांचा ताफा बसतो आणि त्यांच्यासमोर एक माणूस नुसती काठी हलवतो. तो स्वतः एक सूर वाजवत नाही, पण त्याची काठी हलल्याशिवाय कुणी वाजवतही नाही. एका संध्याकाळी काठी हलवणारे मुख्य संचालकच तापाने फणफणले आणि लोकांनी आल्फिओला पुढे ढकललं. त्या दिवसापासून आमचा संसार सुरू झाला.

चाळीसेक वर्षं आम्ही गावोगावची नाट्यगृहं पालथी घातली. टाळ्या तर भरपूर मिळाल्या. पण खरं सांगू? त्याची निम्मी हयात रुसलेल्या गायिकांची समजूत काढण्यात गेली. कुणाला फुलं कमी पडली, कुणाचं नाव फलकावर खाली छापलं. हा बापडा छातीवर हात ठेवून वाकायचा, गोड बोलायचा, आणि पडदा वेळेवर उघडायचा.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. एका प्रयोगात व्हायोलिनवाल्यांना कळेना की ताल कोणता आणि थरथर कोणती. ते वेळेआधीच वाजवत सुटले आणि गाणाऱ्या बाईची फजिती झाली. त्या रात्री त्याने मला कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं ते ठेवलंच. पुन्हा वादकांसमोर उभा राहणार नाही म्हणाला. मला फार वाईट वाटलं. काठीला दुसरं काम तरी काय असतं?

त्याची लेक ऑर्नेला इंजिनियर. जळगावला ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या कारखान्यात ती नोकरीला आहे आणि मराठी फाडफाड बोलते. एकटा कुढत बसलेला बाप तिला बघवेना, म्हणून ती त्याला घेऊन आली. घरमालकीण सुगंधाबाईंनी पहिल्याच दिवशी त्याला भरीत-भाकरी वाढली आणि आळीत सांगून टाकलं, "आमच्याकडे इटलीचे बँडमास्तर आलेत." आल्फिओचा आबा झाला.

फेब्रुवारीत सुगंधाबाईंच्या मुलाचं, योगराजचं लग्न निघालं. बँड अमळनेरचा, कौतिक मास्तरांचा. मिरवणुकीत ट्रम्पेट वाजला तसा आल्फिओचा हात कोटावरून माझ्यापाशी आला. ते सुगंधाबाईंनी पाहिलं. त्या कौतिकला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या आबांना एकदा बँड चालवू द्या."

आल्फिओ नको नको म्हणत होता. हात थरथरतो हे त्याने लेकीकरवी सांगितलंही. पण सुगंधाबाई ऐकतील तर शपथ. शेवटी त्याने मला बाहेर काढलं. त्याची बोटं घामेजली होती. इथे फजिती झाली असती तर त्याने मला पुन्हा कधीच हातात धरलं नसतं.

गाणं छान सुरू झालं. कडवं संपलं तशी आल्फिओने सवयीप्रमाणे हाताची मूठ मिटली, म्हणजे थांबा. पाहुण्यांचा मान म्हणून कौतिकने अख्खा बँड जागच्या जागी थांबवला.

आणि तिथेच घोटाळा झाला. समोर नवरदेवाचे मामा, फैजपूरचे लीलाधर, एक हात वर करून नाचत होते. ते तसेच राहिले. मग हात खाली घेऊन पानटपरीच्या बाकड्यावर जाऊन बसले. "आता नाचाचं नाई मले," म्हणाले. मामा रुसला. आता मामाशिवाय नवरदेवाची घोडी पुढे कशी जायची?

आल्फिओचा चेहरा पडला. हातानेच घात केला असं त्याला वाटलं. तो मला खिशात कोंबायला लागला, तेवढ्यात कौतिकने त्याचं मनगट धरलं.

"हात नही चुकना, आबा. मामा नाची ऱ्हायना व्हता. मामा नाचस तवलोंग बाजा थांबत नही. आमी बठ्ठा त्यासना पायकडेच देखतस."

ऑर्नेलाने समजावून सांगितलं: हात चुकलाच नाही; मामा नाचतोय तोवर बँड थांबवायचा नसतो, आणि इथे वादकांची नजर काठीवर नसतेच, नाचणाऱ्याच्या पायांवर असते.  मग रुसवा काढण्यात मुरलेला आल्फिओ बाकड्यापाशी गेला, छातीवर हात ठेवून कमरेतून वाकला आणि इटालियनमध्ये काहीबाही गोड बोलला. मामांना एक अक्षर कळलं नाही, पण ते उठले.

या वेळी आल्फिओने बँडकडे पाठ केली. त्याने नजर मामांच्या चपलांवर लावली आणि मला उचललं. हात थरथरत होता, चांगलाच. ढोलवाला आपल्या ठेक्यात पक्का होता, कुणी आधी सुटलं नाही. उलट मामांना वाटलं, ही इटलीची नाचायची तऱ्हा असेल. त्यांनी आपला हात तसाच थरथरवला. मग पोरांनी, मग मावश्यांनी, आणि सुगंधाबाईंनीसुद्धा. भर रस्त्यात सगळे हात थरथरवत नाचत होते, आणि त्यात आल्फिओचा हात कुठला हे कुणी ओळखलं नसतं. तो रडत होता आणि हसतही होता. मला इतका आनंद पार्मातही झाला नव्हता.

आता आम्ही जळगावचेच झालोय. लग्नसराईत कौतिकचा फोन येतो: "आबाले धाडा." माझ्या टोकाला हळद लागलीय, मूठ गुलालाने गुलाबी झालीय. आल्फिओ थकत चाललाय, घरी चहाचा कप त्याला दोन्ही हातांनी धरावा लागतो. मिरवणुकीत मात्र तो ताठ उभा असतो.

म्हणून खान्देशातल्या तमाम मामांना माझी एक विनवणी आहे. नवरदेव उशिरा पोचला तरी चालेल, भटजी ओरडले तरी चालेल. पण आमचा म्हातारा समोर असेल तर जरा जास्त वेळ नाचा. तुम्ही थांबलात की त्याला मला खाली ठेवावं लागतं.