काचेच्या कपाटातली एथेल

माझ्या नवऱ्याने आपल्या इंजिनाला माझ्या आईचं नाव दिलं होतं. "गरम व्हायला तास लावते, आणि एकदा झाली की तिची फुसफुस थांबत नाही," असं तो क्लबातल्या सगळ्यांना सांगायचा. आईच्या तोंडावरही सांगितलं होतं. आई हसली नाही, पण 'एथेल' अशी अक्षरं कोरलेल्या, इंजिनावरच्या पितळी पाटीचा फोटो शेवटपर्यंत तिच्या पर्समध्ये होता.

माझ्या नवऱ्याने, हॉरेसने, एथेल स्वतःच्या हातांनी बांधली. कारखान्यात तो लेथवर होता. संध्याकाळी घरी आला की चहा ढोसायचा आणि मागच्या शेडमध्ये शिरायचा. दहाएक वर्षं गेली त्यात. खऱ्या आगगाडीच्या इंजिनासारखी, कोळशावर आणि वाफेवर चालणारी, फक्त आकाराने लहान. गुडघ्याएवढी उंच, सहा चाकं, बाटलीसारखा हिरवा रंग. हॅलिफॅक्समधल्या आमच्या पार्कात अशी इंजिनं बांधणाऱ्यांच्या क्लबाचा छोटा रूळ आहे, झाडांमधून गोल फिरणारा. उन्हाळ्यात दर रविवारी एथेल बाकासारख्या डब्यांवर आठदहा पोरं आणि त्यांच्या आया बसवून ओढायची. हॉरेस पुढे, तिच्या पाठीशी, गुडघे कानाला लावून बसलेला.

मग मे महिन्यातला तो रविवार आला. बॉयलरमध्ये पाणी घ्यायला एक बारीक कॉक असतो, चिमटीत धरून फिरवायचा. हॉरेसची बोटं वर्षभरापासून थरथरत होती. मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि आम्ही दोघंही कप बशीवर वाजला की खिडकीबाहेर बघायचो. त्या दिवशी तो कॉक त्याच्या चिमटीत येईना. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी खाली चाललेलं, मागे पोरं बसलेली, पुढे रांग उभी. शेवटी क्लबातल्या सिडनी ओल्डरॉइडने त्याच्या खांद्यावरून हात घातला आणि कॉक फिरवला. सिडनी काही बोलला नाही. एखादा टोमणा मारला असता तरी चाललं असतं. तो बोलला नाही, तेच हॉरेसला लागलं.

हॉरेसने विस्तव काढला, एथेल व्हॅनमध्ये चढवली आणि आम्ही घरी आलो. पंधरवड्याच्या आत ती विकून झाली. हॅरोगेटचे कुणी मिस्टर ऑब्री फेनविक, जुनी इंजिनं जमवणारे. दोन माणसं पाठवून त्यांनी ती घोंगडीत गुंडाळून नेली. हॉरेस तेव्हा घराच्या पुढच्या बाजूला कुंपण रंगवत होता. वळून बघितलंसुद्धा नाही.

आणि तेव्हापासून त्या माणसाचं बूड एका जागी टेकेना.

कुंपण झालं, मग फाटक. फाटक चांगलं होतं, तरी बिजागऱ्या काढल्या. हॉलमधलं घड्याळ उघडलं, ते आजतागायत अकरा वाजले की नऊ टोले देतं. जेवताना अर्ध्यावर उठायचा, शेडपर्यंत जायचा, दार उघडायचा, रिकाम्या ओट्याकडे बघायचा, परत यायचा. रस्सा थंड. कालव्याच्या काठाने चालत जायचा आणि तासाभराने पुन्हा निघायचा.

"आताच तर आलास ना?" मी म्हणायची.

"मग? कालवा काय भाड्याने घेतलाय कुणी?"

ऑगस्टपर्यंत मी सोसलं. एका सकाळी त्याने माझं शिवणयंत्र तेलपाण्यासाठी खोललं आणि त्यातली एक स्प्रिंग हरवली, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"कोट घाल," मी म्हटलं. "हॅरोगेटला जाऊ. एकदा बघून ये तिला आणि मग माणसासारखा बस."

"विकलेल्या वस्तूला भेटायला जात नसतात, विनी."

"मी फोन केलाय त्यांना. चहाला बोलावलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कोट घालायला गेला. चुकीच्या बाहीत हात घातला, तरी मी मदत केली नाही. त्याला आवडत नाही.

फेनविक आयुष्यभर दातांचे डॉक्टर होते. विधुर, उंच, पांढरेशुभ्र कफ, नखं अशी स्वच्छ की माझी मी हातमोज्यात लपवली. खोलीभर गालिचा आणि भिंतीभर काचेची कपाटं. एकेका कपाटात एकेक इंजिन, वर छोटा दिवा. त्यांना प्रत्येकाचा इतिहास पाठ होता. कुणी बांधलं, कुठे बांधलं, मूळचं खरं इंजिन कुठल्या मार्गावर धावलं. सांगताना त्यांचा आवाज देवळातल्यासारखा हळू व्हायचा.

एथेल खिडकीजवळ होती. धुरांड्यातली काजळी गेली होती. कोळसा टाकायचं दार आतून घासलेलं. पितळेवर लाखेचा हात फिरवलेला.

"वास नाही येत," हॉरेस म्हणाला.

"माफ करा?"

"तेलाचा. तिला तेलाचा वास असायचा. पेटवलीत का कधी?"

"पेटवायची?" फेनविक दचकले. "मिस्टर बॅरक्लफ, यातलं मी एकही पेटवत नाही. ही कलाकृती आहे."

"कलाकृती काय, डबे ढकलणारं शंटिंगचं इंजिन आहे ते! काच उघडा."

फेनविकनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्यांनी किल्ली लावली. हॉरेसने तळवा मागच्या बाजूला ठेवून हळूच ढकललं. एथेल हलली नाही. जोर लावला, तेव्हा ती रुळाच्या तुकड्यावरून सरकली, पण चाकं फिरली नाहीत. बर्फावरून घसरावं तशी घसरली.

हॉरेस खुर्चीत बसला. त्या उन्हाळ्यात तो पहिल्यांदा न सांगता बसला.

"काय झालं?" फेनविक घाबरून म्हणाले. "ती इथे आल्यापासून कुणी हात लावलेला नाही, शपथेवर सांगतो. पुसलं तेवढं मीच."

"तुमचा दोष नाही," हॉरेस म्हणाला. "गाडी चालवून झाली की सिलिंडरमधलं पाणी काढायचं असतं. तेल सोडायचं असतं. कधी म्हणजे कधी चुकलो नाही. त्या दिवशी नाही केलं. रागात होतो. आत बिडाला गंज धरलाय. पिस्टन चिकटलेत." मग उठून उभा राहिला. "मला द्या परत. सुटे करून आणतो."

"नाही," फेनविक म्हणाले.

"अहो, सडेल ती!"

"मी विकत घेतली आहे. ती या घराबाहेर जाणार नाही. तुमचे हात..." त्यांनी वाक्य गिळलं, पण उशीर झाला होता.

"बोला की. माझे हात काय?"

दोघंही म्हातारे, दोघंही ताठ, आणि मधे माझी आई. मला हसूही येईना आणि रडूही.

"मिस्टर फेनविक," मी म्हटलं, "तुम्ही किती वर्षं दात काढलेत?"

"चाळीस."

"किडलेले, तुटलेले, मुळापाशी अडकलेले?"

"अर्थात."

"मग याने सांगायचं आणि तुम्ही करायचं. याच घरात. आणि गालिच्यावर काहीतरी अंथरा, याला सांडल्याशिवाय काम येत नाही."

असं ते सुरू झालं. दर बुधवारी मी हॉरेसला व्हॅनने सोडायची आणि तिथेच विणकाम घेऊन बसायची, कारण दोघांना एकटं सोडायची मला भीती वाटायची. सिलिंडरमध्ये तेल मुरत ठेवायचं, मग झाकणांचे नट काढायचे. ते नट मसुराएवढे. फेनविकनी रबरी हातमोजे चढवले, डोळ्याला भिंग लावलं आणि एकेक नट असा काढला की मला माझ्या दाढेची आठवण झाली. हॉरेस त्यांच्याभोवती घिरट्या घालायचा.

"हळू. हळू! जबरदस्ती नको."

"मी हळूच करतोय."

"अजून हळू."

"मिस्टर बॅरक्लफ, उजेडात उभे आहात. बसा."

"मला बसवत नाही."

"मग निदान दुसरीकडे उभे राहा."

चौथ्या बुधवारी डावा पिस्टन सुटला. 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि फेनविकच्या चेहऱ्यावर लाली चढली. त्यांनी चाक एकदा पुढे फिरवलं, एकदा मागे. पुन्हा पुढे. हातमोजे तोवर कधीच बाजूला पडले होते. मग आपल्या काळ्या बोटांकडे बघितलं आणि ती कफला पुसली. त्यांच्या लक्षातही आलं नाही. उजवा पुढच्या आठवड्यात सुटला.

"आता पार्कात नेऊन पेटवल्याशिवाय कळणार नाही. आणि चालवायची तुम्ही," हॉरेस म्हणाला. या वेळी फेनविकनी घराबाहेर न्यायला हरकत घेतली नाही. "मलाच चालवावी लागेल का?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडून स्फोट झाला तर?"

"बॉयलरच्या तपासणीचं सर्टिफिकेट अजून चालू आहे. आणि स्फोट झालाच तर मी तुमच्या मागेच बसलेला असेन. दोघंही जाऊ."

सप्टेंबर संपता संपता आम्ही तिला पार्कात आणलं. त्या सकाळी प्रवासी नको, असं हॉरेसने बजावलं होतं, पण सिडनी आणि क्लबातले दोघंतिघं काहीतरी निमित्त काढून आलेच. आग हॉरेसने तोंडानेच पेटवली म्हणायला हरकत नाही, हात फेनविकचे. लाकडाच्या ढलप्या इथे, कोळसा तिथे, एवढाच, तेवढा नाही. वाफ वर चढली, झडप फुसफुसायला लागली. फेनविकनी तागाची टोपी डोक्यावर दाबली आणि तरफ ओढली. जरा जास्तच ओढली. चाकं जागच्या जागी गरगरली, धुरांड्यातून काळ्या पाण्याचा फवारा उडाला आणि तो सगळा टोपीवर आला.

"बंद! बंद करा! सिलिंडरचे कॉक उघडा आधी! डावीकडे, तुमच्या डावीकडे! अरे देवा, डावा हात कुठला तेही शिकवू का?"

फेनविक मागे वळले. तोंडावर काजळीचे ओघळ. "चाळीस वर्षं मी लोकांच्या तोंडात हात घातले," ते ओरडले, "पण त्यातला एकही तुमच्याइतका बोलला नाही! गप्प बसा!"

सिडनी वाकून वाकून हसला. हॉरेस खरंच गप्प बसला. दुसऱ्या वेळी तरफ हळू आली आणि एथेल निघाली, धाप टाकत, झाडांच्या आडोशाला, वळणावर, पुन्हा आमच्याकडे. पाणी घ्यायची वेळ आली. फेनविकनी चिमटीत कॉक धरला आणि फिरवला, सहज. मागे हॉरेसने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. त्याचा चेहरा मला नीट वाचता आला नाही. आनंद होता, पण त्यात काहीतरी टोचणारंही होतं, आणि ते जाणार नव्हतं.

घरी येताना तो म्हणाला, "उजवा पिस्टन अजून घासतोय. ऐकलंस?"

"नाही बाबा."

"घासतोय. आणि त्याच्या त्या कपाटांत इतर सगळी तशीच पडलीत. वर्षानुवर्षं. आत काय झालं असेल, देव जाणे."

आता फेनविक स्वतः बुधवारी गाडी घेऊन येतात आणि त्याला नेतात. दोघं कपाटामागून कपाट उघडतात आणि भांडतात. हॉरेसच्या हातांची थरथर वाढतच चाललीय. त्याच्यासाठी आता मी जड चमचा घेतलाय, तो हातात कमी हलतो. घरी असला की अजूनही मधेच उठतो, शेडपर्यंत जातो. मला वाटलं होतं एथेल चालली की हा निवांत होईल. तो काही निवांत झाला नाही. फक्त आता त्याला कुठेतरी जायचं असतं.

माझी गोष्ट वेगळीच झाली. फेनविक त्याला घेऊन गेले त्या पहिल्या बुधवारी घर शांत झालं, मी पाय पसरून खुर्चीत बसले आणि दहा मिनिटांत उठले. भांडी पुन्हा धुतली. पडदे काढले. इतके महिने त्याच्यामागे धावले, आणि आता माझेच पाय थांबेनात. तिसऱ्या बुधवारी व्हॅनची किल्ली घेतली आणि थेट व्हिटबीला, समुद्रावर गेले. वाऱ्यात उभं राहून कागदातले मासे आणि बटाटे खाल्ले, आणि परत आले.

"कुठे होतीस?" हॉरेसने विचारलं.

"समुद्रावर."

"कशाला?"

"कुणास ठाऊक," मी म्हटलं. "पुढच्या बुधवारी पुन्हा जाणार आहे."