चुकलंवाल्यांचं अंत्यदर्शन

वारण्याच्या आदल्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात खुर्ची ओढून, खांद्यावर जुनी चादर पांघरून बसले होते आणि त्यांची मुलगी त्यांच्या केसांना काळा रंग लावत होती.

"कानाला लागतोय," बाबा म्हणाले.

"हलू नका, म्हणजे लागणार नाही."

"मी कुठे हलतोय? या वयात कान वाढतात. परवाच वाचलं."

"कुठे?"

"तुझ्याच पेपरात. तू तपासलेलं, म्हणजे खरंच असणार."

ती एका दैनिकात मुद्रितशोधक होती. दिवसभर लोकांच्या वेलांट्या सरळ करायच्या, पळालेले काने परत आणून बसवायचे आणि संध्याकाळी घरी यायचं. बाबा तिला लाडानं 'ऱ्हस्वदीर्घ' म्हणत. आमच्या घरात एकजण चूक करून मोठा झाला आणि दुसरी चुका काढून पोट भरते, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पाहुणे हसले की बाबा तिच्याकडे बघत. तीही हसायची.

चूक मात्र खरीच होती. तरुणपणी बाबांचा तिघांचा बँड होता, नाव 'ओले टॉवेल'. हे असलं नाव का, याचं उत्तर तिघेही वेगवेगळं देत. त्यांनी एक गाणं रेकॉर्ड केलं, कुणाच्या तरी जिन्यातल्या दिव्यावरचं, जरा हळवंच. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी बाबा ओळ विसरले आणि थेट माइकमध्ये म्हणाले, "थांबा, चुकलं." गिटारवाला थांबला. ड्रमवाला थांबला नाही, कारण त्याच्या कानांत कापूस होता. स्वतःचा ड्रम त्याला सहन होत नसे. तो बडवत राहिला म्हणून बाबाही पुढे गात राहिले, आणि रेकॉर्ड कंपनीतल्या कुण्या महाभागानं चांगल्या टेपा बाजूला ठेवून नेमकी तीच पुढे पाठवली.

लोक अक्षरशः वेडे झाले. जिन्यातला दिवा कधीच विझला, गाण्याचं नावच 'थांबा, चुकलं' पडलं. बाबा स्टेजवरून ते दोन शब्द म्हणायचे आणि अख्खं मैदान एका आवाजात उत्तर द्यायचं, "चालतंय." पुढच्या रेकॉर्डमध्ये त्यांनी मुद्दाम चूक केली, पण ठरवून केलेली चूक लोकांना बरोबर कळते. त्यापुढच्या रेकॉर्डमध्ये एकही चूक नव्हती, तर गिऱ्हाइकांनी ती सदोष म्हणून दुकानात परत केली. मग बँड मोडला. गिटारवाल्यानं चष्म्याचं दुकान टाकलं. उरले बाबा, ड्रमकाका आणि ते दोन शब्द. दुकानांची उद्घाटनं, कंपन्यांची संमेलनं, कुणाच्या तरी साहेबांचा निरोप समारंभ, जिथे बोलावतील तिथे हे दोघे जायचे.

तिच्या आयुष्यात ते गाणं न विचारता घुसलं होतं. शाळेत ती फळ्यापाशी गेली की वर्ग म्हणायचा, "चालतंय." तिच्या लग्नात सही करताना पेन चाललं नाही, तर साक्षीदारांनीच ते दोन शब्द उच्चारले. पुढे ते लग्न मोडलं तेव्हा वकिलांनाही मोह आवरला नाही. या सगळ्याबद्दल ती बाबांशी कधीच काही बोलली नाही.

"उद्या येतेस का ऐकायला?" बाबांनी विचारलं. "लिफ्ट कंपनीचं संमेलन आहे. माणसं चांगली आहेत, वर नेऊन सोडतात."

"काम आहे, बाबा."

"तुला नेहमीच काम असतं. गाणं आवडतं ना पण?"

"डोळे मिटा. थेंब ओघळतोय."

बाबांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, बाबा म्हणाले, "थांबा, चुकलं," छातीवर हात ठेवला आणि खाली बसले. लिफ्ट कंपनी म्हणाली, "चालतंय." बाबा आडवे झाले. कंपनी उठून उभी राहिली. इतकी जीव ओतून केलेली अदाकारी त्यांनी पाहिली नव्हती. ड्रमकाकांच्या कानांत कापूस होता, त्यामुळे गाणं रीतसर पूर्ण झालं. टाळ्या थांबल्यावरही बाबा उठेनात, तेव्हा कुठे कंपनीच्या मालकांना शंका आली.

"मला वाटलं, आज जरा जास्तच मनावर घेतलंय त्यानं," ड्रमकाका हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिला सांगत होते. हातातल्या काठ्या त्यांनी अजून खाली ठेवल्या नव्हत्या.

डॉक्टर बाहेर आले. "गेले ते," म्हणाले, आणि मग चष्मा पुसत, फार अवघडून, "माझ्या आईचं फार आवडतं गाणं."

"हो," ती म्हणाली.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. अंत्यदर्शनाच्या सभागृहात बाबांजवळ थोडा वेळ बसायचं, गाण्याशिवाय. तिनं व्यवस्थापकांना तसं बजावून सांगितलं. संगीत नको, भाषणं नकोत, दार लोटून घ्या.

"ताई, निर्धास्त राहा," व्यवस्थापक म्हणाले. काळा कोट घातलेला, बारीक आवाजाचा माणूस. "शांततेबद्दल आमच्याकडे आजवर कुणाची तक्रार नाही."

घोटाळा झाला तो तिच्याच पेपरात. संध्याकाळी रेडिओनं बातमी दिली होतीच. उपसंपादकांनी मजकूर लिहिला, प्रेमानं लिहिला, आणि वर मथळा दिला 'थांबा, चुकलं'. पानं लावणाऱ्यानं तो मथळा वाचला आणि मजकूर उचलून आतल्या पानावरच्या 'दुरुस्ती' या चौकटीत बसवला, जिथे आदल्या दिवशीच्या चुकांची कबुली छापतात. 'मरण पावले' हे शब्द उपसंपादकांना रुक्ष वाटले होते, म्हणून त्यांनी 'रसिकांचा निरोप घेतला' असं लिहिलं होतं. आणि 'अंत्यदर्शनासाठी' हा शब्द ओळीत मावेना, म्हणून त्यातलं 'अंत्य' काढून टाकलं गेलं. तपासायला कुणी नव्हतं. तपासणारी रजेवर होती.

सकाळी साऱ्या शहरानं वाचलं ते असं: दुरुस्ती. थांबा, चुकलं. लोकप्रिय गायकांनी काल लिफ्ट कंपनीच्या संमेलनात रसिकांचा निरोप घेतला. आज ते दर्शनासाठी सभागृहात असतील.

पहिला फोन शेजारच्या काकूंचा. "बाई, जीव भांड्यात पडला माझा. रेडिओवाल्यांना काही जबाबदारी आहे की नाही?"

"काकू, बाबा खरंच गेलेत."

"हो गं, सभागृहात गेलेत, वाचलं मी. आम्ही निघालोच."

मग संपादकांचा आला. "तुम्ही असतात तर हे झालं नसतं."

"मी रजेवर होते."

"ते कळलं. कारण योग्यच आहे. उद्या दुरुस्ती छापतो."

"कशाची?"

"दुरुस्तीची," संपादक म्हणाले, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून त्यांनी फोन ठेवला.

ती सभागृहात लवकर पोचली. उंच छत, रांगेनं मांडलेल्या खुर्च्या, समोर ठेवलेली पेटी. ती बाबांजवळ बसली. त्यांच्या कानाच्या पाळीवर काळा डाग राहून गेला होता. तिनं रुमालाचं टोक ओलं केलं आणि तो पुसायला घेतला. डाग निघेना. आपल्याला काय बोलायचंय ते ती मनातल्या मनात जुळवू लागली, आणि तेवढ्यात दार किलकिलं झालं.

"ताई," व्यवस्थापक कुजबुजले, "बाहेर लोक विचारताहेत, पुढच्या रांगा राखीव आहेत का?"

"त्यांना सांगा ना, की बाबा वारलेत."

"सांगितलं."

"मग?"

"म्हणाले, चालतंय."

दार लोटून धरायला व्यवस्थापकांचा एकट्याचा खांदा पुरला नाही. माणसं आत आली, हातांत पुष्पगुच्छ, खांद्यावर पोरं, कुणाच्या गळ्यात कॅमेरा. पेटी बघून एक क्षण सगळे चपापले आणि मग कौतुकानं माना डोलावू लागले.

"पेटीतून उठणार बहुतेक," एक गृहस्थ बायकोला सांगत होते.

"अहो, पण श्वास दिसत नाही त्यांचा."

"रोखलाय. कलाकार म्हणतात तो याला. आपल्याला जमेल का? तुला तर पायरीवर धाप लागते."

"मला लागते? मघाशी रेलिंगला कोण लोंबकळत होतं?"

"केस बघ त्यांचे. काळेभोर."

ती उभी राहिली. एकेकाला हात जोडून सांगू लागली, की खरंच गेले आहेत, पेपरात चूक झाली आहे. 'चूक' हा शब्द तोंडातून निघाला की समोरच्याचा चेहरा खुलायचा. एका म्हातारबाबांनी तर तिच्या पाठीवर थाप दिली. "बापाची लेक शोभतेस."

ड्रमकाका गर्दीतून वाट काढत आले. पोटाशी छोटा ड्रम होता.

"काका, आज नको. मी तुम्हाला काल विनवून सांगितलं होतं."

"अं?"

"वाजवू नका."

"हो हो, वाजवतो ना."

तिनं त्यांच्या कानांकडे बोट केलं. काकांनी दोन्ही कानांतला कापूस काढला आणि खिशात ठेवला. हॉलमधला गोंगाट एकदम अंगावर आल्यासारखे ते दचकले.

"वाजवू नका म्हणत होते मी."

काकांनी पेटीकडे पाहिलं. "पोरी, मला दुसरं काही येत नाही गं. बोलायला तो होता. मी काय करू इथे, हात बांधून उभा राहू?"

ती बाजूला झाली.

काकांनी ठेका धरला. गायला कुणीच नव्हतं, म्हणून सगळेच गाऊ लागले, आणि गंमत म्हणजे जिन्यातल्या दिव्याचं ते पहिलं कडवं, जे कुणालाच आठवत नाही असं बाबा उसासून म्हणायचे, ते पोरासोरांसकट सगळ्यांना पाठ होतं. व्यवस्थापकही दाराला टेकून ओठ हलवत होते. कडवं संपलं. दुसऱ्याचं तोंड आलं.

हॉल गप्प झाला. काकांच्या काठ्या वरच राहिल्या. हे गाणं ते आजवर शेकडो वेळा वाजवत आले होते, पण इथे काय होतं ते कापसाविना ते आज पहिल्यांदाच ऐकत होते, आणि इथे तर काहीच होत नव्हतं. सगळे पेटीकडे बघत राहिले. खांद्यावरची पोरंसुद्धा. वाट पाहणं लांबत गेलं. पुढच्या रांगेतल्या त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं आणि त्यांनी शेजारी बघून बायकोचा हात धरला. मागे कुणीतरी टोपी काढली.

एवढी शांतता तिला आजवर कुणी दिली नव्हती. व्यवस्थापकांनी, भाषणं नको म्हटलेलं असूनही, सवयीनं पेटीपाशी माइक लावून ठेवला होता. ती त्याच्यासमोर उभी होती हे तिच्या लक्षात आलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मला हे गाणं कधीच आवडलं नाही. ते संपायची मी वाट बघत बसायचे. संपलं की तुम्ही घरी यायचात."