पिंगळीपर्यंतचा दम

पुण्याहून आलेल्या त्या कॅसेटच्या वेष्टनावर शाहीर मार्तंड चुडावेकराचा मोठा केशरी फेटा होता, फेट्याखाली शाहीर होता, आणि शाहिराच्या डाव्या खांद्यामागून एक लाकडी खुंटी वर आलेली दिसत होती. ती खुंटी तुणतुण्याची. तुणतुणं धरणारा माणूस फोटोतून कात्रीनं काढून टाकला होता, खुंटी तेवढी राहून गेली.

तो माणूस, लिंबाजी, आश्रुबाच्या हॉटेलात बाकड्याच्या टोकाला बसून बशीतला चहा फुंकत होता.

हॉटेल चुडाव्याच्या ठेसनासमोर. वर पत्रे, खाली चार बाकडी, आणि भज्यांच्या कढईपासून हातभर लांब ठेवलेला आश्रुबाचा टेप. दिवाळीनंतर कॅसेट आली तेव्हापासून हा टेप दुसरं काही वाजवीत नव्हता. एका बाजूला पाच गाणी, दुसऱ्या बाजूला चार. पण लोकांना हवा होता तो पहिल्या बाजूचा शेवटचा आगगाडीचा कटाव. तो आला की गिऱ्हाइकं बोलणं थांबवायची आणि शाहीर सुटायचा, शब्दामागं शब्द, उताराला लागलेल्या गाडीगत:

*सुटली गाडी, सुटलं ठेसन, चुडाव्याची चिंच मागं,*
*पूर्णेचं पाणी, बंब्याचं तोंड, इंजन पितंय उभ्या जागं,*
*मिरखेल आलं, जोंधळा डुलतो, पाखराला लागंना थांग,*
*पिंगळी आली, पिंगळी गेली, परभणीला फुटला भांग...*

आणि तसाच पुढं पेडगाव, मानवत रोड, थेट सेलूपर्यंत. मध्ये कुठं थांबणं नाही. शेवटी इंजिनाची खरी शिट्टी, मग बेंजो.

"एका दमात!" पंडितनं मांडीवर थाप मारली. पंडित ठेसनावर पॉइंटमन. गाडी नसली की तो हॉटेलातच असायचा. "घड्याळ लावून बगितलं मी. मिनटाच्या वर भरतंय. माणूस हाय का इंजन हाय!"

"इंजिनच आहे," विष्णुपंत गुरुजी म्हणाले. त्यांना शाळेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी बोलताना समोर फळा असल्यासारखे बोलायचे. "ही काय शाहिरी झाली? पूर्वी मार्तंड एक ओळ म्हणायचा, ती आपल्या उरात उतरायची, मग पुढची. आता ऐकतोय तोवर गाडी निघून जाते. मला तर धाप लागते नुसती ऐकून."

"गुरुजी, तुमाला पायरी चढली तरी धाप लागती."

हॉटेल हसलं. गुरुजीही थोडे हसले.

"मला बाबा गोड लागती," आश्रुबा झारा आपटत म्हणाला. "आन न्हाई लागली तरी गोडच म्हणीन. पूर्णेचे लोक हितं चहाला उतरायलेत."

"ती शिट्टी मात्र उगीच. तिथं झील असायची," गुरुजी म्हणाले, आणि मग सगळ्यांनाच आठवलं की झील म्हणणारा इथंच बसलाय.

शाहीर ओळ म्हणतो, तेव्हा मागं उभा असलेला झीलकरी त्या ओळीचा शेवटचा शब्द झेलतो आणि वर चढवून लांबवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, ही गाण्याची सजावट. तेवढ्यात शाहीर श्वास घेऊन मोकळा होतो. लिंबाजीनं सव्वीस वर्षं हे केलं होतं. मार्तंडाच्या डाव्या खांद्यामागं, एका हाताच्या अंतरावर. मार्तंडाचा फेटा मागून कसा दिसतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पुण्याला मार्तंड एकटा गेला. जाताना बोलला नाही, आल्यावर लिंबाजीच्या घरी आला नाही.

पंडित त्याच्याकडं वळला. पोरगा वाईट नव्हता, पण कॅसेट अंगात आली होती.

"लिंबाजीमामा, तुमी सांगा. शाहिराला एवढा दम व्हता, तर तुमची झील कामून लागत व्हती मग?"

लिंबाजीनं बशी तोंडाला लावली. चहा संपवला. बशी कपाखाली ठेवली.

"शोभेला, बाबा," तो म्हणाला.

याच्यावर हॉटेल जास्त हसलं.

हसणाऱ्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं, ते लिंबाजीला माहीत होतं. कटावात शाहिराचा दम पिंगळीपर्यंतच. तरुणपणी मार्तंड परभणी ओलांडायचा. सहा वर्षांमागं देवगाव फाट्याच्या कार्यक्रमात पहिल्यांदा पिंगळीला तो अडकला, आणि लिंबाजीला समोरचा फेटा थरथरताना दिसला. त्यानं 'पिंगळी' हा शब्द उचलला आणि धरून ठेवला, "पिंगळी गं पिंगळी, माझी पिंगळी दूर", जे कुठं लिहिलेलंच नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या टेंपोत मार्तंडाच्या छातीतून मांजराच्या पिलासारखा आवाज येत होता.

"लिंबा," तो म्हणाला होता, "दम्याच्या शाहिराला सुपारी कोण देतंय? ही गोष्ट तुझ्यात आन माझ्यात."

तेव्हापासून झील लांबत गेली. लोक म्हणायला लागले, लिंबाजी आताशा लयच ताणतो. लिंबाजीनं रुख्मिणीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

रुख्मिणीनं कॅसेट एकदाच ऐकली, हॉटेलाच्या बाहेर उभं राहून, डोक्यावर गवताचा भारा घेऊन. दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना ती म्हणाली, "खंडोबाच्या जत्रेला बोलावलंय म्हणं शाहिराला. तुमाला निरोप?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय. कापूस येचू."

ती दोन झाडं पुढं गेली. वटीतला कापूस तिनं गाठोड्यात रिकामा केला. "निसता घसा न्हाई घातला तुमी त्याच्या पाठीमागं. थोरलीच्या साखरपुड्याला तुमी नव्हते. धाकटीच्या तापात नव्हते. आन आता तेच्या त्या कागदावर तुमची खुंटी."

"रुख्मिणे, दमलो गं मी," लिंबाजी म्हणाला.

हे तो तिला समजावण्यासाठी म्हणाला नव्हता. खरंच दमला होता. कार्यक्रम नाहीत म्हणून घसा महिनाभर निवांत होता, आणि सकाळी उठल्यावर खाकरावं लागत नाही याचंच त्याला बरं वाटत होतं. अपमानाच्या खाली कुठंतरी ही सुटका होती, आणि ती असल्याचीही त्याला लाज वाटायची.

जत्रेच्या दिवशी नामांतराचा बंद होता. एसट्या उभ्या, म्हणून परभणीला राहणारा शाहीर सकाळच्या पॅसेंजरनं आला. लिंबाजी दारात बसून तुणतुण्याची तार बदलत होता. काम नव्हतं तरी तार गंजू द्यायची नाही एवढ्यासाठी. तिथून ठेसनाची वाट दिसायची. मार्तंड येताना तीनदा थांबला. एकदा कुणाच्या तरी बैलाच्या पाठीवर हात फिरवायला, एकदा चिंचेखाली वर बघायला, एकदा चपलेचा अंगठा नीट करायला. बघणाऱ्याला वाटावं, शाहीर गावच्या मोहब्बतीनं थांबतोय. लिंबाजीला मात्र प्रत्येक थांब्यातला श्वास मोजता आला.

मार्तंड येऊन ओट्यावर बसला. रुख्मिणीनं पाण्याचा तांब्या ठेवला, ठेवताना जरा जोरात ठेवला, आणि आत गेली.

"वैनी चिडल्यात," मार्तंड म्हणाला.

"तांब्या जड हाय."



"मिशीनवाला म्हणला, एका बाजूला अर्धाच तास मावतोय, झील काढा," मार्तंड बोलायला लागला. "मी म्हणलो, झीलबिगर मला जमत न्हाई. तो म्हणला, काका, तुम्ही थांबत थांबत म्हणा, आम्ही जोडू. मी थांबलो, लिंबा. पिंगळीला थांबलो, पेडगावला थांबलो, लय बारी थांबलो. तेनं पत्तीनं फीत कापली आन सगळा माझा दम काढून खाली टाकला. फरशीवर पडला व्हता. एवढे एवढे तुकडे." त्यानं दोन बोटांत अंतर धरून दाखवलं. "झाडणारी बाई आली, तिनं सुपलीत भरला."

"आन मला कामून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू? तुला काढलं म्हणून सांगू?"

लिंबाजीनं खुंटी पिळली. तार कुरकुरली.

"आज तोच कटाव मागतील," मार्तंड म्हणाला. "एका दमात."

"मागतीलच. पंडित घड्याळ घेऊन बसणार हाय."

"मग चल."

"मी आलो तर लोक मला शिव्या देतील. तेंला झील नकोय आता."

"व्हय," मार्तंड म्हणाला. त्यानं नाकारलं नाही. "देतील."

आतून रुख्मिणीची काकणं वाजायची थांबली होती. लिंबाजीला वाटलं, उठावं आणि सांगावं: खरं बोलून टाक. स्टेजवर उभा राहा आणि सांग, बाबांनो, छाती गेली. पण मार्तंडानं तांब्या उचलला तेव्हा त्याच्या गळ्याच्या दोन शिरा ताठ झाल्या, एक घोट पाण्यासाठी. लिंबाजी उठला. खुंटीवरचा सदरा काढला.  रुख्मिणीनं लवंग आणून त्याच्या तळहातावर ठेवली.

तिसऱ्या प्रहरी कुस्त्या संपल्या आणि देवळापुढच्या मैदानात लोक बसले. उन्हात केशरी फेटा आला तशा शिट्ट्या झाल्या. डाव्या खांद्यामागं तुणतुणं दिसलं तशा निम्म्या थांबल्या. पहिली तीन गाणी मार्तंडानं सावकाश घेतली. लिंबाजीनं झील दिली, बेताची. पुढं बसलेले गुरुजी मान डोलवत होते, मागचे लोक जांभया देत होते.

"कटाव! कटाव!"

"कॅसेटीवानी म्हणा, शाहीर!"

पंडित दोन्ही पाय पोटाशी घेऊन, मनगट डोळ्यांपुढं धरून बसला होता.

डफावर थाप पडली. सुटली गाडी, सुटलं ठेसन. लोक सरसावले. चिंच गेली, पूर्णेचं पाणी गेलं. जत्रेची माणसं मान हलवायला लागली, गाडीच्या डब्यात बसल्यासारखी. मिरखेल आलं. जोंधळा डुलला. लिंबाजी फेट्याकडं बघत होता. फेट्याचा शेमला हलला, नको तेव्हा हलला.

*पिंगळी आली...*

लिंबाजीनं शब्द उचलला.

"पिंगळी गं पिंगळी, माझी पिंगळी दू...र!"

क्षणभर मैदानाला कळलंच नाही. मग मागून आवाज आला, "ए, गप बस की म्हाताऱ्या!" दुसरा म्हणाला, "घातलं का तोंड मधी! सगळा कटाव नासवला!" पंडित उभाच राहिला. "मामा, कॅसेटीत न्हाई हे! कॅसेटीत न्हाई!"

लिंबाजीनं झील सोडली नाही. त्याला डफाच्या मागून तो बारीक, मांजराच्या पिलाचा आवाज ऐकू येत होता, आणि तो अजून थांबला नव्हता. मार्तंडानं डावा हात मागं नेऊन त्याच्या खांद्यावर ठेवला. बघणाऱ्याला वाटलं, शाहीर प्रेमानं आवरतोय. हात वजनदार होता. उभ्या माणसाचं सगळं वजन त्या हातात उतरलं होतं, आणि लिंबाजी पाय फाकवून ते तोलत होता, घसा ताणत होता, लोक ओरडत होते.

शेवटी आवाज थांबला. हात हलका झाला. मार्तंड लोकांकडं बघून हसला.

"आमच्या लिंबाला कॅसेट ऐकवली न्हाई का रं कुणी? तेला वाटलं, गाडी पिंगळीलाच मुक्काम करती!"

सगळं मैदान हसलं. हसण्याच्या भरात त्यानं परभणीपासून पुढची ओळ धरली आणि थांबत, गमती करत, हातवारे करत तो सेलूला पोचला. लोकांनी टाळ्या दिल्या. तरी उठताना जो तो म्हणत होता, म्हाताऱ्यानं घोळ केला, न्हाई तर आज एका दमात झालं असतं.

सांजच्या पॅसेंजरला मार्तंडाला घालवायला गाव लोटलं. डब्याच्या दारातून तो हात जोडत होता. गर्दीत त्याची नजर लिंबाजीवर पडली. त्यानं छातीवर हात ठेवला, पण तो सगळ्यांसाठीही असेल. गाडी हलली.

घरी रुख्मिणीनं गरम पाण्यात मीठ टाकून दिलं. लिंबाजीनं गुळण्या केल्या.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "समदं मैदान हसत व्हतं."

"हसंनात का."

"तेनं तसं बोलायचं नव्हतं."

लिंबाजीनं पुन्हा एक गुळणी केली. खांदा दुखत होता. रुख्मिणीनं सदरा काढून घेतला, तेव्हा तिला तिथं पाच बोटं उठलेली दिसली, लालसर. ती त्या बोटांकडं बघत राहिली. मग तिनं तेलाची वाटी आणली आणि चोळायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात पंडित त्याला जागा द्यायला सरकला, पण तोंड फुगवूनच.

"वाईट वाटून घेऊ नका मामा. पण तुमी मधी आले नसते तर झालंच व्हतं. घड्याळ लावलं व्हतं मी."

"व्हय रं," लिंबाजी म्हणाला. घसा बसला होता, शब्द फाटून येत होता. "सवय. तोंड उघडतंच."

गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं, जरा जास्त वेळ, आणि पेपर उलगडला.

आश्रुबानं टेप लावला. सुटली गाडी, सुटलं ठेसन. लिंबाजीनं चहा बशीत ओतला. चिंच गेली, पाणी गेलं, मिरखेल गेलं. पिंगळी आली, आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं. त्यानं बशी लावली.

"काय म्हणले, लिंबाजी?" आश्रुबानं कढईवरून विचारलं.

"काय न्हाई. साखर जरा कमी हाय."

टेपमधली गाडी न थांबता परभणीकडं निघून गेली होती.